नामिबिया कुठे गेला?

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मुग्धा लांजेवारच्या टेबलावर एकाच अभ्यासाच्या दोन प्रती पडल्या होत्या, आणि दोन्हींवर लेखकाचं नाव वेगळं होतं.

धंतोलीतलं तिचं व्यापार अभ्यास केंद्र म्हणजे चार खोल्या, एक सभागृह आणि दहा-बारा माणसं. भिवापूरच्या मिरची उत्पादकांनी मिळून एक कंपनी काढली होती. त्या कंपनीनं केंद्राला काम दिलं होतं: आफ्रिकेत चौपन्न देश आहेत, आमची मिरची त्यातल्या कुठल्या देशात खपेल ते शोधून सांगा. ज्याचा अभ्यास कंपनीला पटेल, तो पुढची तीन वर्षं या कामाचा प्रमुख होणार होता. केंद्रातल्या दोघांनी त्यासाठी कंबर कसली होती. एक ऋषिकेश देवतळे, बारा वर्षांचा जुना माणूस. दुसरी मिनल भोयर, दीड वर्षापूर्वी लागलेली, मूळची भिवापूरकडचीच.

"शुक्रवारी दुपारी ऋषिकेशनं अहवाल दिला," मुग्धा सांगत होती. "संध्याकाळी मिनलनं दिला. मी शनिवारी दोन्ही वाचायला बसले, बाई. देशांचा क्रम तोच. प्रत्येक देशाला स्वतः ठरवून दिलेले गुण तेच, अगदी दशांशासकट. एकानं दुसऱ्याचं उचललंय. केंद्रातले सगळे म्हणतात, ऋषिकेशनं आधी दिला, म्हणजे चोर मिनल."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला काही कळत नाही, म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

समोर बसलेल्या सिंधूताई वैरागड्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. मुग्धा त्यांचीच विद्यार्थिनी. निवृत्तीनंतरही गावातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांना त्या दिसल्या की आपोआप पाठ ताठ करून उभं राहावंसं वाटे. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण खोटं बोलणारं माणूस समोर बसलं की ते आधी कुठे पाहतं आणि मग कुठे पाहतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"वेळ किती आहे?"

"चार वाजता विश्वस्तांची बैठक. कंपनीचे अध्यक्ष नत्थूजी चाफले भिवापूरहून निघालेसुद्धा. चारच्या आत कळलं नाही तर मिनलची नोकरी जाईल, बाई. आणि चोर म्हणून गेलेल्या मुलीला दुसरीकडे कोण घेणार?"

"तिच्याकडे पुरावा काही?"

"तिनं आकडे आणायला एक प्रोग्राम लिहिला होता म्हणे. तो इथल्याच कॉम्प्युटरवर आहे. तो पाहिला की तिनं काम केलंय हे उघड दिसेल. मी तिला तोच आणायला पाठवलंय..."

वाक्य पुरं व्हायच्या आत दार उघडलं. दारात एक सावळी, उंच मुलगी उभी होती. तिच्या ओठांवर रंग म्हणून उरला नव्हता.

"मॅडम," मिनल म्हणाली, "फोल्डरच रिकामं आहे. सगळं पुसलं कोणीतरी."

२

सिंधूताईंनी तिला शेजारच्या खोलीत नेलं, आधी पाणी दिलं आणि मगच बोलायला लावलं.

"मले शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांग. हा प्रोग्राम म्हणजे केलंस तरी काय तू?"

मिनलनं डोळे पुसले. "पायथन म्हणून कॉम्प्युटरशी बोलायची एक भाषा आहे, बाई. त्या भाषेत लोकांनी तयार पॅकेजं करून ठेवली आहेत. ज्याले जे काम पाहिजे, त्यानं ते पॅकेज घ्यावं. त्यातलं एक पॅकेज जागतिक बँकेच्या आकड्यांच्या कोठारात जाते आणि आपण म्हणू तो आकडा घेऊन येते."

"असं कसं घेऊन येते?"

"गांधीबागेतल्या ठोक दुकानदाराले आपण चिठ्ठी पाठवतो नं? अमुक कापड, अमुक रंग, इतके तागे. मग माल घरी येते. तसंच. चिठ्ठीत मी लिहायचं की या चौपन्न देशांची लोकसंख्या द्या, या वर्षापासून त्या वर्षापर्यंत. मिनिटभरात सगळं हजर. मग दुसरी चिठ्ठी उत्पन्नाची, तिसरी आयातीची. असे सहा तक्ते आणले मी."

"देशांची नावं पूर्ण लिहायची?"

"नाही. प्रत्येक देशाले दोन अक्षरांची खूण असते. भारत म्हणजे आय.एन., केनिया म्हणजे के.ई. ती खूणच वापरली सगळीकडे. इथलं इंटरनेट मधेच बंद पडते, म्हणून रोज संध्याकाळी आलेला माल एका फाइलीत उतरवून ठेवायची आणि सकाळी तीच फाइल परत वाचून पुढचं काम करायची. ज्या ओळीत देशाची खूणच रिकामी असेल ती ओळ प्रोग्राम आपोआप काढून टाकायचा. आकडा कोणाचा हेच माहीत नसलं तर तो क्रमात धरणं बरं नाही नं."

बोलता बोलता ती बोटानं टेबलावर तक्ते आखून दाखवू लागली. ती चोरी लपवत असेल तर मग ती नाटकात जायला हवी होती, असं सिंधूताईंना वाटलं. पण नुसतं वाटणं विश्वस्तांपुढे ठेवता येत नाही.

"त्या प्रोग्रामची दुसरी प्रत ठेवली नाहीस काहून?"

"माझा लॅपटॉप नाही, बाई. इथंच काम करायची. वाटलं, ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणजे बँकेचं लॉकर."

"फोल्डर उघडायची मुभा कोणाकोणाले?"

"मले, ऋषिकेश सरले आणि अंकितले. अंकित इथले कॉम्प्युटर पाहते."

सिंधूताईंनी दोन्ही अहवाल पुढ्यात ओढले. मिनलच्या अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप होती: तक्त्यात जिथे एन.ए. असेल तिथे आकडा उपलब्ध नाही असे समजावे. ऋषिकेशच्या अहवालात अशी टीप नव्हती. दोन्हींत शेवटी आफ्रिकेचा नकाशा होता. मिनलनं तो हिरव्या छटांत रंगवला होता, ऋषिकेशनं निळ्या. जितका रंग गडद, तितकी मिरचीला मागणी.

सिंधूताई नकाशे पाहत राहिल्या. एकतीस वर्षं फळ्यावर खडूनं हेच खंड काढलं होतं त्यांनी. डोळे मिटूनही काढता आलं असतं. आणि म्हणूनच त्यांची नजर खाली डावीकडे, समुद्राच्या कडेला जाऊन अडकली.

हिरव्या नकाशात तिथे एक राखाडी डाग होता. निळ्या नकाशातही तिथेच, तेवढाच.

त्या काही बोलणार इतक्यात मुग्धा आत आली. "बाई, फोल्डर पुसल्याची नोंद सापडली. काल रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुसलंय." तिनं हातातला कागद पुढे केला. "अंकितच्या नावानं."

३

अंकित पराते खुर्चीच्या टोकावर बसला होता. तिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. थंडीच्या दिवसांतही कपाळावर घाम.

"बाई, मी नाही पुसलं. काल मी जरीपटक्यात होतो, बहिणीकडे. भाच्याचं बारसं होतं." त्यानं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. "हे पाहा फोटो. अकरा वाजून आठ मिनिटं, अकरा वाजून बारा मिनिटं. मी पाळण्याची दोरी धरून उभा आहो."

खरंच तो पाळण्यापाशी उभा होता. दोन्ही हात दोरीवर आणि तोंडभर हसू.

"मग तुझ्या नावानं कोण शिरलं गा?"

"पासवर्ड पाहिजे फक्त. घरून बसूनही शिरता येते."

"आणि तुझा पासवर्ड कोणाले माहीत?"

अंकितनं मान खाली घातली. "कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवली आहे, बाई. मलेच याद राहत नाही."

सिंधूताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "म्हणजे तुझ्या खुर्चीवर जो बसला, त्याले माहीत. अलीकडे कोण बसलं होतं?"

आतापर्यंत अंकित सरळ बाईंकडे पाहून भडाभडा बोलत होता. आता तो आधी दाराकडे पाहू लागला आणि मग स्वतःच्या चपलांकडे.

"मले नाही आठवत."

"आठवत नाही की सांगता येत नाही?"

"बाई, माझं घर या नोकरीवर चालते," तो हळूच म्हणाला. "आणि ही नोकरी मले कोणीतरी लावून दिली आहे."

सिंधूताईंनी त्याला जाऊ दिलं. भीतीपोटी बंद झालेलं तोंड ओरडून उघडत नाही, हे त्या शाळेतच शिकल्या होत्या. मात्र अंकितला नोकरी कोणी लावून दिली, हे त्यांनी मुग्धाला विचारून घेतलं.

"ऋषिकेशनं," मुग्धा म्हणाली.

४

ऋषिकेश देवतळे आला तो हसतमुख. इस्त्रीचा शर्ट, मागे वळवलेले केस, बोलण्यात पुस्तकी सफाई. त्यानं वाकून नमस्कार केला.

"विचारा, बाई. मला लपवण्यासारखं काही नाही."

"तुम्हीही पायथन वापरलंत का?"

"छे! मी त्याला हातही लावत नाही. मी जुन्या वळणाचा माणूस. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर जायचं, एक देश निवडायचा, एक आकडा निवडायचा आणि हातानं तक्त्यात भरायचा. महिनाभर हेच केलं. चौपन्न देश, सहा तक्ते." तो कौतुकानं स्वतःशीच हसला. "तीनशे चोवीस वेळा, बाई! बोटं दुखून आली. पण हातानं केलेल्या कामाची सर यंत्राला येत नाही."

"खरं आहे. आमच्या वेळी नकाशेही हातानंच काढायचो." सिंधूताईंनी त्याचा निळा नकाशा उलगडला. "चौपन्न देश म्हणालात नं?"

"चौपन्न."

"मग हा डाग कसला?"

ऋषिकेशनं नकाशाकडे पाहिलं. पाहता पाहता त्याची नजर त्या डागावर थांबली, आणि सिंधूताईंच्या लक्षात आलं की हा डाग तो आत्ता पहिल्यांदा पाहतो आहे.

"हा... हा नामिबिया," तो म्हणाला. सावरायला त्याला एक श्वास पुरला. "त्या देशाचे आकडे बँकेकडे नाहीत. छोटा, वाळवंटी देश. काही देशांचे आकडे उपलब्ध नसतात, बाई."

"सहाही तक्त्यांचे नाहीत?"

"सहाही."

"म्हणजे तुम्ही सहा वेळा नामिबिया उघडून पाहिला आणि सहाही वेळा पान कोरं निघालं?"

"अगदी तसंच."

"लिहून द्याल?"

तो क्षणभर घुटमळला, पण एका म्हाताऱ्या शिक्षिकेला काय लिहून द्यायचं एवढं, असं वाटलं असावं. त्यानं झरझर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि नमस्कार करून निघून गेला.

सिंधूताई मुग्धाच्या खोलीत गेल्या. "मुग्धा, ते बँकेचं कोठार उघड आणि नामिबिया काढ."

मुग्धानं नाव टाइप केलं. पडद्यावर एक रेघ उमटली आणि तिच्याखाली आकड्यांच्या रांगा. लोकसंख्या होती, उत्पन्न होतं, आयात होती, महागाई होती. मिनलनं मागवलेल्या सहा तक्त्यांतला आकडा न् आकडा तिथे हजर होता.

"म्हणजे ऋषिकेश खोटं बोलला!" मुग्धा उभीच राहिली.

"बस. खोटं तो बोलला, पण मिनलच्या नकाशातही नामिबिया नाही. तिनं कुठे घालवला?"

५

मिनलला विचारलं तेव्हा ती नकाशाकडे नुसती पाहतच राहिली. बोटानं एकेक देश मोजत गेली. त्रेपन्नावर तिचं बोट थांबलं.

"बाई, मी तर चौपन्न मागवले होते," ती पुटपुटली. "शपथेवर सांगते. आले तेव्हा चौपन्नच आले होते, पहिल्या दिवशी मोजले मी. मग हा गेला कुठं? इतकी मोठी चूक माझ्या हातून झाली कशी?" ती एकदम रडवेली झाली. "आता तर खरंच नोकरी जाईल माझी."

"थांब वं. आधी मले एक सांग. तुझी ती दोन अक्षरांची खूण. नामिबियाची काय आहे?"

मिनलनं सांगितली.

सिंधूताई टेबलाकडे वळल्या. त्यांनी मिनलचा अहवाल पुन्हा उघडला, तळाची बारीक टीप वाचली आणि चष्मा काढून पदरानं सावकाश पुसला. मग त्या अशा हसल्या की मिनल रडायचंच विसरली.

"तो प्रोग्राम तुले आठवते?"

"पाठ आहे, बाई. तीस-चाळीस ओळी असतील."

"मग आत्ता बसून परत लिही. जसा होता तसाच. एक अक्षर सुधारायचं नाही, एक ओळ वाढवायची नाही. नामिबिया काहून गेला याचा विचारसुद्धा करू नको. मुग्धा तुझ्याजवळ बसेल, म्हणजे उद्या कोणी म्हणायले नको की सिंधूबाईनं मागून काही शिकवलं."

"पण बाई, प्रोग्राम तसाच लिहिला तर चूकही तशीच राहील!"

"राहू दे," सिंधूताई म्हणाल्या. "ती चूकच तुझी साक्षीदार आहे."

६

चार वाजता सभागृहात सगळे जमले. पाच विश्वस्त एका बाजूला. मधोमध नत्थूजी चाफले, पासष्टीचा आडव्या हाडाचा माणूस, हाताची बोटं वर्षानुवर्षं मिरची हाताळून रापलेली. ऋषिकेश पुढच्या रांगेत, अंकित भिंतीला टेकून. मिनल कॉम्प्युटरपाशी, तिचा पडदा मोठा होऊन भिंतीवर पडलेला.

सिंधूताई उभ्या राहिल्या आणि आपोआप सगळा वर्ग गप्प झाला.

"मी वर्गात कॉपी पकडायची ती एकाच रीतीनं," त्या म्हणाल्या. "दोन मुलींची बरोबर उत्तरं सारखी आली तर मी काही म्हणत नसे. दोघींनीही अभ्यास केला असेल. पण दोघींच्या चुका सारख्या आल्या की बोलावून घ्यायची. या दोन अहवालांत एक चूक सारखी आहे. चौपन्न देशांच्या यादीतून दोघांनीही नामिबिया गाळलाय. एका तक्त्यातून नव्हे, सहाही तक्त्यांतून."

ऋषिकेश हसला. "बाई, मी सांगितलं ना, त्या देशाचे आकडेच नाहीत. मी सही करून दिलंय."

"दिलंय." सिंधूताईंनी कागद नत्थूजींपुढे ठेवला. "मुग्धा, दाखव."

भिंतीवर बँकेचं संकेतस्थळ उघडलं. नामिबियाचे आकडे एकामागून एक सरकत गेले. विश्वस्तांत कुजबुज झाली.

"असेल, माझ्या नजरेतून सुटला असेल," ऋषिकेश म्हणाला. त्याचा आवाज अजून सरळ होता. "तीनशे चोवीस वेळा हात चालवला. माणूस आहे, चुकतो."

"चुकतो नं. पण सकाळी तुम्ही म्हणालात, सहा वेळा उघडून पाहिलं. आता म्हणता सुटला. बरं, सुटला धरू. माणूस एकदा विसरते, दोनदा विसरते. सहा निरनिराळ्या तक्त्यांत, चौपन्नपैकी तोच एक देश विसरते का? अशी शिस्तीत चूक माणूस करत नाही. यंत्र करते. मिनल, चालू कर."

मिनलनं कळ दाबली. भिंतीवर ओळी धावल्या. चिठ्ठी गेली, माल आला. शेवटी एक आकडा उमटला: चौपन्न.

"मोजा," सिंधूताई म्हणाल्या. "नामिबिया आहे?"

"आहे," एक विश्वस्त चष्मा वर करत म्हणाले. "पस्तिसावी ओळ."

"आता जसं तू रोज करायची तसं कर. फाइलीत उतरव. आणि तीच फाइल परत वाच."

मिनलनं पुन्हा कळ दाबली. क्षणभर पडदा कोरा राहिला. मग आकडा आला.

त्रेपन्न.

एका विश्वस्तांनी खुर्चीतून उठून पडद्याजवळ जाऊन यादी वाचली. मोझांबिक होता, नायजर होता, नायजेरिया होता. नामिबिया नव्हता.

"गेला कुठं पण?" नत्थूजी ओरडलेच.

"त्याची खूणच त्याले नडली, नत्थूजी. नामिबियाची दोन अक्षरं आहेत एन आणि ए. आणि आकड्यांच्या दुनियेत एन.ए. म्हणजे काही नाही, उपलब्ध नाही. मिनलच्या अहवालाच्या तळाशी तशी टीपच आहे. फाइल परत वाचताना प्रोग्रामले वाटते, या घरात काही लिहिलेलं नाही, हे घर रिकामं आहे. आणि खूण रिकामी असेल ती ओळ काढून टाकायची असा मिनलचा हुकूम. म्हणून दर वेळी तोच एक देश गळते. सहा तक्ते, सहा वेळा." सिंधूताई ऋषिकेशकडे वळल्या. "हातानं भरणाऱ्याच्या तक्त्यात असं होऊ शकत नाही. त्याच्यापुढे नामिबिया हे नाव असते, पान असते, आकडा असते. ही चूक फक्त प्रोग्राममधून गेलेल्या आकड्यांत राहते. आणि तुम्ही तर त्याले हातही लावत नाही. मग देवतळे, तुमच्या निळ्या नकाशात हा डाग आला कुठून?"

ऋषिकेशनं समोरचा अहवाल मिटला.

तेवढ्यात भिंतीपाशी हालचाल झाली. अंकित पुढे आला होता.

"गुरुवारी सर माझ्या खुर्चीवर तासभर बसले होते," तो म्हणाला. "माझा कॉम्प्युटर अडकून राहिला आहे, म्हणाले. त्या खुर्चीवरून मिनलचं फोल्डर उघडलं तर नोंद माझ्या नावानं होते, आणि पासवर्डची चिठ्ठीही तिथंच. सकाळी मी हे सांगितलं नाही. भ्यालो होतो. आता सांगतो. नोकरी गेली तरी चालते."

७

ऋषिकेशनं मग नाकारलं नाही. तो बसल्या जागी लहान झाला. रविवारी घरून अंकितच्या नावानं शिरून फोल्डर आपणच पुसलं, हेही त्यानं कबूल केलं.

"बारा वर्षं मी इथे आकड्यांचा राजा होतो," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. "मला जे करायला महिना लागायचा ते ही मुलगी दुपारच्या जेवणाआधी करायला लागली. तिच्याजवळ बसून शिकायला हवं होतं. लाज वाटली."

"शिकवलं असतं नं मी, सर," मिनल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ऋषिकेशनं चेहरा झाकून घेतला. विश्वस्तांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. तो उठून गेला.

मग एका विश्वस्तांनी घसा साफ केला. "पण एक आहे. अहवालात चूक तर मिनलचीही आहे."

"आहे," मिनल लगेच म्हणाली. ती उभी राहिली. "चूक माझीच आहे. दुसऱ्या दिवशीही मोजायले पाहिजे होते, मी मोजले नाहीत. आत्ता सुधारू का?"

परवानगीची वाट न पाहता तिनं फाइल वाचायच्या ओळीत एक छोटीशी सूचना लिहिली: अक्षरं जशी आहेत तशीच वाच, मनानं अर्थ लावू नको. कळ दाबली. चौपन्न. नकाशा नव्यानं रंगला, आणि खाली डावीकडे, समुद्राच्या कडेला, राखाडी डागाच्या जागी हिरवा रंग भरला.

टाळ्या आधी अंकितनं वाजवल्या, मग मुग्धानं. शेवटी विश्वस्तही सामील झाले.

नत्थूजी मात्र टाळ्या न वाजवता पडद्याजवळ गेले आणि त्या नव्या हिरव्या देशावर बोट ठेवून वळले. "मले हे पायथन-बियथन समजत नाही. पण एक समजते. मजुरानं मिरचीत खडे भरले तर मी त्याले हाकलतो. आणि ज्याच्या हातून पोतं सांडलं, त्यानं समोर येऊन सांगितलं की माझ्याकडून सांडलं, तर त्याले मी गोदामाची किल्ली देतो. पोरी, किल्ली तुझी. तीन वर्षं. आणि या अंकितची नोकरी गेली तर मी तुमच्या केंद्राले काम देणार नाही, हेही लिहून घ्या."

मिनल सभागृहाच्या कोपऱ्यात गेली आणि घरी फोन लावला. "बाबा," एवढंच तिला म्हणता आलं. पुढचं सगळं हसणं आणि रडणं एकत्रच होतं, आणि पलीकडून शेतात काम करणाऱ्या बायांचे आवाज येत होते, काय झालं, काय झालं म्हणून विचारणारे.

सगळे पांगले तेव्हा खिडकीतून उन्हं आडवी झाली होती. मुग्धा मानधनाचं पाकीट घेऊन आली. सिंधूताईंनी ते परत तिच्या हातात ठेवलं.

"हे नको. मिनल, इकडे ये वं. मले एक चिठ्ठी लिहायची आहे त्या कोठाराले. माझ्या हातानं."

मिनलनं खुर्ची ओढून दिली. "कोणता देश, बाई?"

"आपला. माणूस सरासरी किती वर्षं जगते, तो आकडा असते का?"

"असते."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, सिंधूताईंनी ओळ लिहिली. पहिल्यांदा लाल अक्षरांत काहीतरी रागावून आलं. एक स्वल्पविराम राहिला होता. दुसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून कळ दाबली. आणि आकडे आले, साठाहून जास्त वर्षांचे, एकाखाली एक.

त्यांनी आपलं जन्मवर्ष शोधलं. बोट त्या ओळीवर ठेवलं. "मी जन्मली तेव्हा आपल्या देशात माणूस शेहेचाळीसच्या आसपास जगत होता म्हणते हे. मी चौसष्ट वर्षांची आहो." त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि खुदकन हसल्या. "अठरा वर्षं वरची मिळाली की मले!"

त्यांनी चष्मा नीट बसवला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"उद्या किती वाजता येऊ?"